तुझ्या पाताळातल्या अंधाराविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलांसाठीच्या कथेचे बाड मिळाले त्याच रात्री मी ते एका बैठकीत वाचून काढले, मग आठ दिवस मध्ये जाऊ दिले आणि हातात पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचले. उत्तराला उशीर झाला त्याचे कारण एवढेच. फोनवर बोलून हे आटोपता आले असते; पण ज्या गोष्टीपाशी तू चार वर्षे बसलास, तिच्याविषयी घाईघाईने काही बोलावे असे मला वाटेना.

आधी जे मनापासून आवडले ते सांगतो. पडक्या विहिरीच्या आतल्या अंगाचा कोनाडा, त्यातला तो हलणारा दगड, आणि दगड सरकवताच तुझ्या नायिकेच्या, मुक्ताच्या, तोंडावर येणारा गार वाऱ्याचा झोत, हे सारे तू फार सुरेख लिहिले आहेस. गुहा खरोखरच अशा श्वास घेतात. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की त्यांच्या तोंडातून वारा आत ओढला जातो किंवा बाहेर फेकला जातो. व्हिएतनाममधील सोन डूंग ही जगातली सर्वांत प्रचंड मानली जाणारी गुहा हो खान्ह नावाच्या गावकऱ्याला 1990 च्या सुमारास सापडली, ती अशाच वाऱ्यामुळे आणि आतून येणाऱ्या पाण्याच्या घोंघावण्यामुळे. तो घाबरून परतला आणि पुढे कित्येक वर्षे त्याला ते तोंड पुन्हा सापडेना; 2008 मध्ये ते सापडले आणि 2009 मध्ये ब्रिटिश गुहासंशोधकांनी आत जाऊन मोजमाप केले. सापडलेले दार हरवणे आणि अर्ध्या आयुष्यानंतर पुन्हा गवसणे, यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्या कथेला मिळणार? तुझा कोनाडा मला त्याच जातीचा वाटला.

तो भाग वाचताना मी थांबलो, कारण आपला खड्डा आठवला. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी आपण पाताळात जाण्यासाठी खणायला घेतले होते. तू मोडक्या दांड्याची कुदळ आणली होतीस आणि मी घरातून उलथने पळवले होते. मधल्या सुट्टीत रोज थोडे थोडे करत गुडघाभर खोल गेलो तेव्हा वरची पिवळट माती संपून खाली काळपट, ओलसर, बोटांना गार लागणारी माती लागली आणि तिला निराळाच वास होता. त्या मातीतून पांढऱ्या दोऱ्यासारखे एक मूळ आडवे गेले होते. तू ते दोन बोटांत धरून म्हणालास, “खाली काय आहे ते याला माहीत असेल.” तेव्हा आपण आठ-नऊ वर्षांचे असू. तुझ्या बाडाची पहिली तीन प्रकरणे त्या मुळाला धरून खाली उतरतात, आणि म्हणूनच चौथ्या प्रकरणाचे मला वाईट वाटले.

मुक्ताबरोबरचा लहानगा सोनू पायऱ्या मोजत उतरतो. दोनशे चौदावी पायरी येते, भिंती संपतात, आणि समोर लख्ख उजेडातले एक नगर उभे राहते. वर निळसर आभाळ, बागा, कारंजी, सोन्याचे कळस आणि फळांनी भरलेली ताटे. नगराचे वर्णन देखणे आहे, त्यात शंका नाही. पण हेच नगर ढगांवर असते, दूरच्या बेटावर असते किंवा आरशापलीकडे असते तरी कथेत काही बिघडले नसते. मग ती मुले दोनशे चौदा पायऱ्या उतरली कशासाठी? मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: जमिनीखालचे जग हे जमिनीखालचेच वाटले पाहिजे, आणि तिथले नियम मुलांना एकेक करून, चुका करत शिकावे लागले पाहिजेत. ते नियम तुला मनाने रचावे लागणार नाहीत. पृथ्वीच्या पोटात ते केव्हाचे लागू आहेत आणि कुठल्याही कल्पनेपेक्षा ते अद्भुत आहेत.

सर्वांत पहिला नियम अंधाराचा. काही वर्षांपूर्वी मी एका खोल गुहेत गेलो होतो. बरेच आत गेल्यावर वाटाड्याने आम्हांला खाली बसायला सांगितले आणि सगळ्यांचे दिवे मालवायला लावले. घरातला अंधार हा अंधारच नसतो, हे मला त्या दिवशी कळले. घरात दाराच्या फटीतून, घड्याळाच्या काट्यावरून, कुठून ना कुठून उजेडाचा कण येत असतो आणि थोड्या वेळाने डोळे सरावतात. तिथे डोळे सरावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सरावायला उजेडच नव्हता. मी तोंडासमोर हात हलवून पाहिला आणि तो मला अंधुकसा दिसला. नंतर वाटाड्याने सांगितले की अनेकांना तसे वाटते. हात हलतो आहे हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून तो दिसल्याचा भास निर्माण करतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका लहान मुलीने मात्र ठामपणे सांगितले की तिला काहीही दिसत नाही, आणि मग तिने चाचपडत माझी बाही घट्ट धरून ठेवली. दिवे लागेपर्यंत तिने ती सोडली नाही.

हा प्रसंग तू हवा तर खुशाल घे. दोनशे चौदाव्या पायरीवर मुक्ताचा दिवा विझू दे. सोनू म्हणेल, “मला माझा हात दिसतोय,” आणि मुक्ताला स्वतःचा हात दिसणार नाही. दोघांपैकी खरे कोणाचे, हे वाचणाऱ्या मुलाला लगेच सांगू नकोस. पुढची दोन पाने त्याला नुसत्या कानांनी आणि बोटांनी वाचू दे: कुठेतरी पडणारा पाण्याचा थेंब, ओल्या दगडाचा गुळगुळीतपणा, आपल्याच श्वासाचा मोठा झालेला आवाज. मुले घाबरतील या भीतीने तू उजेडाची घाई केलीस, असे मला वाटते. मुले घाबरतात ते खरे आहे, पण कोणाची तरी बाही धरायला मिळाली तर त्या भीतीत बसून राहायला त्यांना आवडतेही.

मग उजेड आला तर तो कोठून आला, याचा जाब कथेने दिलाच पाहिजे. आपल्या जुन्या लोकांना हा प्रश्न पडला होता. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ या सातही अधोलोकांचे वर्णन आहे, आणि तिथे सूर्य पोहोचत नसल्यामुळे थोर नागांच्या मस्तकांवरील मण्यांनी अंधार दूर होतो असे सांगितले आहे. म्हणजे उजेडाला धनी आहे. तो एखाद्या नागाच्या डोक्यावर आहे, तो नाग हलला की सावल्या हलतात, आणि तो निघून गेला तर पुन्हा काळोख. ज्याने धूमकेतूचे गणित मांडले त्या एडमंड हॅलीने 1692 मध्ये पृथ्वी पोकळ असून तिच्या आत एकात एक गोल आहेत अशी कल्पना मांडली, तेव्हा आतल्या गोलांवर उजेड कसा पडेल याचाही विचार त्याला करावा लागला, आणि तिथली हवाच प्रकाशमान असेल असे त्याने सुचवले. त्याचे अनुमान चुकले, पण प्रश्न त्याने टाळला नाही.

तुला याहून सुंदर उजेड हवा असेल तर तो न्यू झीलंडमधल्या वायटोमोच्या गुहांत आहे. अंधारात होडीतून जाताना वर पाहिले की छतावर निळसर ताऱ्यांचे आभाळ पसरलेले दिसते. ते तारे म्हणजे चिलटासारख्या एका माशीच्या अळ्या आहेत. प्रत्येक अळी आपल्या घरट्यातून रेशमासारखे चिकट धागे खाली सोडते, त्यांवर थेंब मोत्यांसारखे ओवलेले असतात, आणि उजेडाकडे झेपावणारा किडा त्या धाग्यांत अडकला की अळी धागा वर ओढून त्याला खाते. तुझ्या चौथ्या प्रकरणात आभाळ हवेच असेल तर ते असे असू दे. सोनूला आनंद होईल की आपण चुकून वर, मोकळ्यावर आलो, आणि मुक्ताच्या गालाला वरून लोंबणारे काहीतरी चिकट लागेल.

दुसरा नियम काळाचा, आणि माझ्या मते तुझ्या कथेची सगळी ताकद इथे दडलेली आहे. मिशेल सिफ्र हा 23 वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ 1962 च्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने एकटा राहिला. उठला, जेवला, झोपायला निघाला की तो वरच्या सोबत्यांना टेलिफोनवरून कळवत असे, पण त्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असे ठरले होते. सप्टेंबरच्या मध्यात मुदत संपल्याचे त्याला कळवले तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची 20 तारीख होती. सेकंदाला एक या गतीने 1 ते 120 आकडे मोजायला सांगितले की त्याला वाटे दोन मिनिटे झाली, आणि वरच्या घड्याळात पाच मिनिटे झालेली असत. भागवतातही त्या अधोलोकांत दिवस-रात्र नसल्यामुळे काळाच्या विभागांचे भय नाही असे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला.

आता तुझा सोनू पाहा. तो सारखा मोजत असतो. पायऱ्या, पावले, श्वास. पहिल्या तीन प्रकरणांनंतर तू त्याची ही सवय विसरूनच गेलास, आणि ती तर कथेची किल्ली आहे. त्याला खाली मोजू दे. त्याच्या मोजण्याने तीन दिवस होतात आणि वर आल्यावर भलतेच काही निघते, एवढे जरी केलेस तरी शेवटच्या प्रकरणाला आज नसलेले वजन येईल.

एका जागी मात्र मला खरोखर वेदना झाली. सहाव्या प्रकरणात मुक्ता छतातून लोंबणारा दगडी सुळा मोडून घेते आणि त्याची तलवार करते. तू ते शौर्य म्हणून लिहिले आहेस. चुनखडीतून झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने खनिज मागे ठेवत जाते, त्यातून हे लवणस्तंभ वाढतात, आणि त्यांची वाढ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. कुठे थोडी अधिक, कुठे त्याहूनही कमी. म्हणजे वीतभर लांबीला दोन हजार वर्षे लागतात. मुक्ताच्या हातातली तलवार हातभर आहे. तिने पाच हजार वर्षे मोडून घेतली, मित्रा, आणि कथेतल्या कोणालाही त्याचे काही वाटले नाही.

तो प्रसंग काढू नकोस. उलट सारी कथा त्याच्याभोवती उभी कर. जिथे सूर्य नाही, चंद्र नाही, ऋतू नाहीत, तिथले लोक वर्षे कशावरून मोजतील? थेंबांवरून आणि दगडाच्या वाढीवरून. ज्या सुळ्याला मुक्ताने हात घातला तो त्यांचा पंचांगाचा दगड असेल तर? प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू त्यावर एका बारीक रेघेने नोंदलेला, आणि वरून आलेल्या एका मुलीने घाबरून, स्वतःच्या रक्षणासाठी, नकळत तो मोडला. आता तिचे काम राक्षसाला मारण्याचे राहत नाही. मोडलेले जोडता येत नाही, पण त्या लोकांना पुन्हा मोजायला कोणीतरी हवे आहे. आणि तिच्या शेजारी एक लहान मुलगा उभा आहे, ज्याला मोजण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही.

यानंतर तुझ्या दुष्ट राजाची गरज उरते का, ते तूच ठरव. मला तो आरंभापासून उपरा वाटला. तो दुष्ट का आहे याचे उत्तर बाडात कुठेच नाही. पाताळाचा राजा म्हटले की आपल्यापुढे बळी उभा राहतो, आणि तो तर दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून खाली गेलेला राजा आहे. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून स्वर्गात परततो आणि सांगतो की पाताळ स्वर्गाहूनही रमणीय आहे. ज्या भाषेत ही पाताळे आहेत, त्या भाषेत लिहिताना खालचे सगळे वाईट असे आपण का धरून चालावे?

आणि माणसे जमिनीखाली का जातात, याचे उत्तर दगडात कोरलेले आहे. तुर्कस्तानातल्या कापाडोकिया भागात डेरिंकुयू येथे मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेले सुमारे 85 मीटर खोल नगर आहे. 1963 मध्ये घराची डागडुजी करताना कोणीतरी एक भिंत फोडली आणि तिच्यामागे ते सापडले. त्यात खोल्या आहेत, तबेले आहेत, कोठारे आहेत, प्रार्थनेच्या जागा आहेत, हवा खेळवणारे उभे बोगदे आहेत, आणि जात्याच्या तळीसारखे प्रचंड गोल दगड आहेत, जे वाटेवर आडवे लोटले की दार बंद होते. हे दगड फक्त आतून सरकवता येतात. वरून येणाऱ्या सैन्यांच्या भयाने हजारो माणसे तिथे जनावरांसकट उतरत असत. तुझ्या नगराला असे एक गोल दगडाचे दार दे, आणि ते मुक्ता-सोनूच्या तोंडावर बंद होऊ दे. आतल्यांसाठी वरून आलेला प्रत्येक जण शत्रू आहे. आपणच कोणाच्या तरी भयाचे कारण आहोत, हे मुक्ताला त्या बंद दगडापुढे उभे राहून कळू दे. दगडाच्या मधोमध एक छोटे भोक असते. त्यातून आतला एक डोळा तिच्याकडे बघत असेल.

फळांच्या ताटांविषयी थोडेच सांगतो. ऊन नसेल तर बागा नाहीत, हे वाचणाऱ्या मुलाला बरोबर खटकेल. रुमानियातील मोव्हिले गुहा 1986 मध्ये उघडली गेली, तेव्हा आत लाखो वर्षे बाहेरच्या जगापासून तुटलेली जीवसृष्टी सापडली. तिथले जिवाणू उजेडाऐवजी गंधकाच्या संयुगांवर जगतात, पाण्यावर त्यांची साय धरते, आणि त्या सायीवर बाकीचे जीव पोसतात. तुझ्या लोकांचे अन्न तिथून काढता येईल. आणि त्यांच्या पाण्यात ओल्म राहू दे: वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी, आंधळा प्राणी. स्लोव्हेनियातले लोक पुरात वाहून आलेले ओल्म पाहून त्यांना ड्रॅगनची पिल्ले समजत, अशी नोंद सतराव्या शतकातली आहे. तो अन्नावाचून कित्येक वर्षे राहू शकतो. बोस्निया-हर्झगोव्हिनातल्या पाण्याखालच्या गुहांत संशोधकांनी ओल्मांवर खुणा करून वर्षानुवर्षे नजर ठेवली, तेव्हा त्यांतला एक 2,569 दिवसांनीही जिथल्या तिथेच आढळला. सोनू त्याच्याशेजारी बसून त्याच्या हलण्याची वाट पाहतो, असे एक पान मला वाचायला आवडेल.

सगळे काही समजावून सांगणारा तो पांढऱ्या दाढीचा वृद्ध मात्र काढून टाक, ही माझी कळकळीची विनंती आहे. 1879 मध्ये स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला जमिनीवर प्राचीन अवशेष शोधत होते, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आठ वर्षांच्या मारियाने मान वर केली. छतावरचे रंगीत गवे प्रथम तिला दिसले. मोठ्या विद्वानांनी ती चित्रे खोटी ठरवली. त्यांतल्या एकाने 1902 मध्ये जाहीरपणे आपली चूक कबूल केली, तोवर मारियाचे वडील हयात नव्हते. 1940 मध्ये फ्रान्समधल्या लास्को गुहेतही प्रथम शिरली ती चार पोरेच होती. तुझ्या मुलांना कोणी बोट दाखवायची गरज नाही. त्यांना वर बघू दे.

खोलीचा आकडा दुरुस्त कर. दोनशे चौदा पायऱ्या म्हणजे सुमारे 40 मीटर होतात आणि तेवढे पुष्कळ आहे. पुढे तू लिहिलेले ‘शंभर कोस खाली’ नको. दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जाते. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर 12,262 मीटरपर्यंत छिद्र पाडले गेले, तेव्हा तळाशी सुमारे 180 अंश सेल्सिअस उष्णता लागली.

आता शेवट. मुक्ता जागी होते आणि सारे स्वप्न ठरते, हे मला मान्य नाही. चार वर्षे ज्या अंधारात तू हात घालून बसलास, तो एका वाक्यात पुसून टाकू नकोस. मुलांना परत येऊ दे, पण चालत आणि कष्टाने. गुहेत जाणारे लोक प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहतात, कारण जाताना जी वाट दिसते ती परतताना तशी दिसत नाही. जाताना मुक्ता कधीही मागे वळून पाहत नाही, हे तुझ्याही लक्षात आले नसेल, पण बाडात ते तसे आहे. सोनू मात्र दोनदा पाहतो, पान 31 आणि पान 46 वर. दोन्ही जागी मी पेन्सिलने खूण केली आहे. परतीची वाट त्यालाच सापडली पाहिजे.

बाड उद्याच्या टपालाने परत पाठवतो. समासात बरेच लिहिले आहे, काही ठिकाणी अक्षर लागणार नाही, तेव्हा फोन कर. नवा खर्डा पूर्ण होण्याची वाट न पाहता, दिवा विझल्यानंतरची ती दोन पाने लिहून झाली की लगेच पाठव. मी ती रात्री, शक्य तितक्या अंधारात बसून, कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेईन.

तुझाच,
खड्ड्यातला सोबती